हा पाहुणा कुणाचा?



एखाद्या खेड्यात आपण पहिल्यांदाच पाऊल टाकले, तर पारावर बसलेली मंडळी आपल्याला पहिला प्रश्न कोणता विचारतात? आपले नाव नव्हे. धंदापाणी, शेतीवाडी, मुलेबाळे हे सगळे मागाहून. पहिला प्रश्न असा, "कुणाकडं आलात पाव्हणं?" या प्रश्नाला उत्तर असले की झाले. तांब्याभर पाणी येते, गुळाचा खडा येतो, एखादे पोरगे वाट दाखवायला पुढे पळत सुटते. आणि उत्तर नसले, तर मात्र त्या गावात आपण कुणीच नसतो.

मी स्वतः परीक्षेसाठी पहिल्यांदा मुंबईला गेलो, तेव्हाची गोष्ट. दादरला उतरलो, तर मामांचा पत्ता लिहिलेला कागद पावसाने भिजून त्यावरची शाई पार पसरून गेलेली. वळकटीवर बसून राहिलो दोन तास. शेवटी एका हमालाने तोच प्रश्न विचारला, "कुणाकडं जायचंय?" मामांचे नाव आणि ते कोणत्या गिरणीत कामाला आहेत, एवढेच मला सांगता आले. त्या तेवढ्या माहितीवर त्या भल्या माणसाने मला दिवेलागणीपर्यंत पोचते केले. पण त्या दोन तासांत शहर म्हणजे काय ते मला जेवढे कळले, तेवढे पुढे तिथे दहा वर्षे राहूनही कळले नाही.

हे सांगण्याचे कारण असे, की आज मला तुम्हांला अशाच एका नवख्या माणसाची हकिकत सांगायची आहे. तो उतरला मुंबईला नव्हे, तर आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, मोगादिशू या शहरी. साल १३३१ च्या सुमाराचे. म्हणजे या गोष्टीला आता सातशे वर्षे होत आली.

त्या माणसाचे नाव इब्न बतूता. आपल्या शाळांतल्या इतिहासाच्या पुस्तकांत तो महंमद तुघलकाच्या प्रकरणात भेटतो. दिल्लीचा काझी म्हणून भेटतो, तुघलकाच्या लहरी सांगतो आणि नाहीसा होतो. शिक्षक बंधुभगिनींना तो तेवढ्यापुरता ठाऊक असतो. पण दिल्लीला येण्याच्या आधीच या गृहस्थाने अर्धे जग पालथे घातले होते. जन्म १३०४ सालचा, गाव टँजियर, देश मोरोक्को. एकविसाव्या वर्षी, १३२५ साली, मक्केच्या यात्रेसाठी म्हणून तो घरातून निघाला आणि परत मोरोक्कोत पाऊल टाकले ते १३४९ साली. यात्रेला गेलेला मुलगा चोवीस वर्षांनी परत आला, तेव्हा आईबाप दोघेही वारले होते. पुढे मोरोक्कोच्या सुलतानाच्या आज्ञेने त्याने आपला सगळा प्रवास एका लेखनिकाला सांगितला, आणि १३५५ साली तो ग्रंथ पुरा झाला.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. मोरोक्को हाही आफ्रिकेतलाच देश. म्हणजे आपला हा प्रवासी जन्माने आफ्रिकेचाच. शिवाय मक्केच्या वाटेवर त्याने अलेक्झांड्रिया पाहिले होते, कैरोसारखे अफाट शहर पाहिले होते. तरीही मोगादिशूच्या धक्क्यावर तो परकाच होता. आपण 'आफ्रिका, आफ्रिका' म्हणतो तेव्हा जणू एखाद्या तालुक्याचे नाव घेतल्यासारखे बोलतो. टँजियर ते मोगादिशू हे अंतर मुंबई ते काबूल या अंतराच्या तिपटीहून अधिक भरेल. तिथली भाषा याला येत नव्हती, तिथल्या रीती याला ठाऊक नव्हत्या. हाताशी होती ती एवढीच शिदोरी, की तो धर्मशास्त्र शिकलेला होता आणि अरबी बोलत होता.

तो तिथे पोचला कसा, हे शेतकरी बंधूंना चटकन समजेल. कारण ज्या वाऱ्याची आपण मृग नक्षत्रावर डोळे लावून वाट बघतो, त्याच वाऱ्यांच्या येरझाऱ्यांवर अरबी समुद्रातला सगळा व्यापार चालत असे. साधारण कार्तिक-मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत वारा ईशान्येकडून वाहतो. तो हिंदुस्थानातून आणि अरबस्तानातून गलबते आफ्रिकेच्या किनाऱ्याला नेतो. मग वारा फिरतो, नैर्ऋत्येकडून वाहू लागतो, आणि तीच गलबते परत आणतो. ऐन पावसाळ्यात समुद्र खवळलेला, तेव्हा सगळे व्यवहार बंद. आपल्या कोकणात नारळी पौर्णिमेशिवाय होडी समुद्रात लोटत नाहीत, ते उगाच नव्हे. ही गलबतेही मोठी गमतीची असत. त्यांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसत, तर काथ्याच्या दोरीने चक्क शिवलेल्या असत.

आता या वाऱ्याचा एक परिणाम लक्षात घ्या, म्हणजे पुढची गोष्ट नीट कळेल. आफ्रिकेत माल घेऊन गेलेला व्यापारी आज गेला आणि उद्या परतला, असे होत नसे. वारा फिरेपर्यंत त्याला तिथे राहावेच लागे, कधी आठवडे तर कधी महिने. तेवढे दिवस राहायचे कुठे? माल ठेवायचा कुठे? उधारी वसूल कोण करून देणार? आणि फसवणूक झाली तर कुणाच्या दारात जाऊन ओरडायचे?

इब्न बतूता एडनहून निघाला तो चार दिवसांनी झैला नावाच्या बंदरात आला. आफ्रिकेच्या या बाजूचे त्याला घडलेले हे पहिले दर्शन, आणि ते काही सुखाचे नव्हते. शहर मोठे, बाजार मोठा, पण मासळीची घाण आणि गल्लीबोळांतून कापलेल्या उंटांचे रक्त यांनी त्याचा जीव नकोसा झाला. समुद्राला उधाण होते, गलबत हेलकावे खात होते, तरीही पठ्ठ्याने ती रात्र गलबतावरच काढली. गावात झोपायला काही गेला नाही. असा प्रवासी मला आवडतो. मोठेपणाचा आव नाही. नाक धरायचे तिथे नाक धरले आणि तसे सांगूनही टाकले. म्हणूनच पुढे तो जेव्हा स्तुती करतो तेव्हा ती खरी वाटते.

झैलाहून पंधरा दिवस समुद्रावर काढल्यावर मोगादिशू आले. आणि इथे काय घडले, ते पाहा.

गलबताने नांगर टाकला न टाकला, तोच किनाऱ्यावरून लहान लहान होड्या सुटल्या. त्या होड्यांना सुंबूक म्हणत. प्रत्येक होडीत शहरातले काही तरुण. प्रत्येकाच्या हातात झाकलेले ताट, आणि ताटात शिजवलेले अन्न. एकेक तरुण गलबतावर चढे, एकेका व्यापाऱ्यापुढे ताट ठेवी आणि हा आपला पाहुणा असे सर्वांदेखत जाहीर करी. झाले. ताट ज्याचे, पाहुणा त्याचा. गलबतावरून उतरलेला व्यापारी मग त्या तरुणाच्याच घरी जाई, दुसरीकडे कुठेही नाही.

आणि हा केवळ जेवणाखाण्याचा पाहुणचार नव्हता. पाहुण्याचा माल विकायचा तो यजमानाने. पाहुण्याला हवा तो माल घेऊन द्यायचा तोही यजमानाने. आता यातली खरी कळ ऐका. कुणी त्या परक्या व्यापाऱ्याला नाडून पडत्या भावाने त्याचा माल घेतला, किंवा यजमान हजर नसताना त्याला काही विकले, तर तो व्यवहार त्या शहरात रद्द समजला जाई. सौदा मोडला. परत करा.

तुमच्यापैकी कितीतरी जण भुईमूग, गूळ, कांदा गाडीत घालून पेठेला गेले असतील. उपरण्याखाली बोटे धरून ठरलेला भाव ऐकून मुकाट्याने घरी परतलेले म्हातारे आपल्या घरोघरी होते. माल आपला, घाम आपला, आणि भाव मात्र ज्याची जीभ गोड त्याचा. बाजार समित्यांचे कायदे व्हायला, उघड लिलाव सुरू व्हायला आपल्याकडे पुढे कित्येक शतके जावी लागली. आणि इथे चौदाव्या शतकात, आफ्रिकेच्या एका बंदरात, परमुलखातल्या नवख्या माणसाला कवडीमोलाने लुबाडले तर तो सौदा सौदाच नव्हे, अशी रीत बसलेली होती.

अर्थात, ही सगळी भाबडी परोपकाराची गोष्ट होती असे समजू नका. व्यापाऱ्याच्या गळ्यात पडलेला प्रत्येक यजमान साव असेल, असे थोडेच आहे! ताट घेऊन धावणाऱ्या त्या पोरांना ठाऊक होते, की पाहुणा पटकावला म्हणजे धंदा पटकावला. या रिवाजाचा मोगादिशूच्या लोकांना मोठा फायदा होतो, असे इब्न बतूताही सांगतो. पाहुण्याला दुसऱ्या पेढीवर जाऊन भाव काढण्याची मोकळीक राहत नसे. पाहुणचारही होता आणि पहाराही होता. शिवाय ही रीत नवख्यांसाठी होती, हेही तो नमूद करतो. जे व्यापारी वारंवार येऊन गावातल्या माणसांना ओळखू लागले होते, ते हवे तिथे उतरत. ज्याच्याजवळ स्वतःची ओळख होती त्याला उसनी ओळख लागत नसे. मला यात त्या लोकांचे शहाणपण दिसते. बंदराचे गाव चालते ते पतीवर. आज एक परका बुडाला, तर पुढल्या वर्षी दहा गलबते दुसऱ्या बंदरात जातील, हे त्यांना कळत होते.

सुलतानाचीही एक होडी गलबताला भिडत असे. गलबत कुठले, मालक कोण, नाखवा कोण, भरले काय आहे, व्यापारी कोण कोण आहेत, हे सगळे विचारून ती सुलतानाला कळवी. 'नाखवा' हा शब्द ऐकून आमच्या कोळी बांधवांचे कान टवकारले असतील. इब्न बतूताच्या ग्रंथातला 'नाखुदा' तो हाच, मूळ फारशी.

आता आपल्या प्रवाशाची गंमत पाहा. त्याच्यापुढेही एक तरुण ताट घेऊन आला. पण याच्याजवळ विकायला होते काय? सोबतच्या लोकांनी सांगितले, की हा व्यापारी नाही, शास्त्री आहे. आपण असतो तर ताट उचलून चालू लागलो असतो! त्या पोराने तसे केले नाही. त्याने आपल्या साथीदारांना हाळी दिली, की हा काझींचा पाहुणा. तिथे काझींची माणसे होतीच. निरोप गेला. थोड्या वेळाने शहराचा काझी आपल्या विद्यार्थ्यांसह चालत समुद्रकाठी आला. म्हणजे व्यापारी आला तर व्यापाऱ्याचा, विद्वान आला तर विद्वानाचा. ज्याला घर नाही असा पाहुणा त्या किनाऱ्यावर उतरतच नव्हता म्हणा ना.

काझी मूळचा मिसर देशाचा. तो म्हणाला, आधी शेखांना भेटायला चला. शेख म्हणजे कोण, असे याने विचारले. तर तिथे सुलतानालाच शेख म्हणत. याने सांगितले, की आधी बिऱ्हाड लावतो, जरा हुश्श करतो, मग येतो. काझीने मानले नाही. विद्वान माणूस आला, तर बिऱ्हाडाआधी सुलतानाची भेट, हा इथला शिरस्ता. गेला बिचारा. दाराशी सुलतानाचा सेवक बाहेर आला, आत जाऊन वर्दी दिली, आणि परत आला तो हातात तबक घेऊन. तबकात काय असेल?

विड्याची पाने आणि सुपारी! दहा पाने आणि थोडी सुपारी पाहुण्याला, तेवढीच काझीला, उरलेली विद्यार्थ्यांना. वरून दमास्कसच्या गुलाबपाण्याचा शिडकावा. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात गुलाबदाणी फिरते आणि पानसुपारी होते, तीच तऱ्हा. मग विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात त्याची सोय झाली आणि जेवणाचे ताट आले.

हे जेवण मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण ते सांगण्याजोगे आहे. मोठ्या लाकडी परातीत तुपात शिजवलेला भात. त्यावर कोंबडी, मटण, मासळी आणि भाज्या यांची कालवणे. ताज्या दुधात शिजवलेली कच्ची केळी एका भांड्यात, विरजलेले दही दुसऱ्यात. तोंडी लावायला मुरवलेले लिंबू, खारवलेली मिरी, ओले आले, आणि आंबे. (गुरुजींसाठी एक सूचना: ही मिरी होती, मिरची नव्हे. मिरची अमेरिकेतून आपल्याकडे यायला अजून पावणेदोनशे वर्षे होती.) आंबा म्हणजे काय, हे आपल्या मोरोक्कोच्या वाचकांना समजावून सांगताना इब्न बतूताची तारांबळ उडते. सफरचंदासारखे फळ, पण आत कोय असते. पिकले की फार गोड, कच्चे असताना लिंबासारखे आंबट, आणि त्या कच्च्याचे लोणचे घालतात. हे वाचताना मला हसू आले. त्याच्या वाचकांना ते ताट कोड्यासारखे वाटले असेल. रत्नागिरीच्या किंवा सावंतवाडीच्या माणसाला त्यातले काहीएक समजावून सांगावे लागणार नाही. भाताचा घास घ्यावा, लोणच्याची फोड चाखावी, पुन्हा भात. तिथेही असेच जेवत. आणि जेवत ते किती! आपल्याकडची घोळकाभर माणसे जेवतील तेवढे तिथला एक माणूस जेवतो, म्हणून माणसे चांगली गलेलठ्ठ असतात, असे आमचा प्रवासी स्वच्छ सांगतो.

तीन दिवस असा पाहुणचार झाला. रोज तीन वेळा ताट येई. चौथा दिवस शुक्रवारचा. त्या दिवशी मशिदीत जाण्यासाठी सुलतानाने त्याला पोशाख पाठवला. विजार घालण्याची तिथे रीत नव्हती. कमरेला गुंडाळायचे रेशमी वस्त्र, वर मिसरी कापडाचा अंगरखा, त्यावर झगा, डोक्याला भरजरी पागोटे. नमाजानंतर सुलतानाची स्वारी निघाली, डोक्यावर चार रेशमी छत्रे, आणि प्रत्येक छत्रावर सोन्याचा पक्षी. सुलतान बोलत असे ती मोगादिशूची स्थानिक भाषा, पण अरबीही त्याला येई. त्या शहरी विणलेले कापड पार मिसर देशापर्यंत जात असे. १२६९ साली बांधलेली तिथली फख्रुद्दीनची मशीद इब्न बतूता आला तेव्हा साठ वर्षांची झालेली होती.

आजच्या मुलाने मोगादिशूचे नाव ऐकले असेल ते बहुधा बाँबस्फोटाच्या बातमीत. १९९१ पासून सोमालियात यादवीने कहर केला आणि त्या जुन्या शहराची फार नासधूस झाली. म्हणूनच तिथे पाहुण्यापुढे ताट घेऊन धावणारे तरुण होते, हेही वर्गात सांगितले पाहिजे असे मला वाटते.

मोगादिशूहून तो दक्षिणेकडे निघाला. वाटेत मोंबासाला एकच रात्र मुक्काम. इथल्या लोकांबद्दल तो थोडकेच बोलतो, पण जे बोलतो ते लक्षात राहते. इथली माणसे अनवाणी चालतात. मशिदींच्या दाराशी विहिरी आहेत, पाणी काढायला लाकडी भांडी आहेत, आणि आत शिरणारा प्रत्येक जण पाय धुऊन, जाडसर चटईला पुसून मगच आत जातो. केळी आणि मासळी हे मुख्य अन्न. आणि तिथे एक फळ आहे, ऑलिव्हएवढे, आत कोय असलेले, चवीला फार गोड. त्याचे नाव तो 'जम्मून' असे देतो. तुम्ही ओळखलेच असेल.

तिथून पुढे किल्वा. आजच्या टांझानियाच्या किनाऱ्याजवळचे हे एक बेट. आज तिथे भग्नावशेष आहेत, पण त्या काळी दक्षिणेकडच्या सोफाला बंदराचे सोने या किल्व्याच्या हातून जगाला जात असे. आतल्या मुलखातून सोने आणि हस्तिदंत यायचे, आणि बदल्यात खंबायतेकडचे सुती कापड आणि रंगीत मणी जायचे. जगातली अत्यंत सुंदर शहरे सांगायची तर इब्न बतूता त्यांत किल्व्याची गणना करतो. त्याच्या ग्रंथात शहराची बांधणी लाकडी असल्याचे लिहिले आहे. पण १९६० च्या दशकात नेव्हिल चिटिक या संशोधकाने तिथे उत्खनन केले, तेव्हा प्रवाळाच्या दगडांत आणि चुन्यात बांधलेली भव्य मशीद, आणि हुसुनी कुब्वा नावाचा समुद्राच्या कड्यावरचा राजवाडा, त्यातल्या अष्टकोनी हौदासकट स्वच्छ झाला. प्रवासी वीस-पंचवीस वर्षांनी आठवणीतून सांगत होता, आणि दगड जागच्या जागी होते. विद्यार्थ्यांना इतिहास शिकवताना हे उदाहरण फार कामाचे आहे. साक्षीदार प्रामाणिक असूनही चुकू शकतो, मग जमिनीला विचारावे लागते.

तो राजवाडा बांधणारा सुलतान हसन याच वेळी गादीवर होता. दानाबद्दल त्याची एवढी ख्याती, की लोकांनी त्याला अबुल मवाहिब, म्हणजे दानांचा बाप, असे नाव दिले होते. एका शुक्रवारी तो मशिदीतून घरी निघाला असता येमेनचा एक फकीर वाटेत आडवा आला आणि त्याने अंगावरचे कपडेच मागितले. सुलतान परत मशिदीजवळच्या घरात गेला, दुसरे कपडे घातले आणि अंगावरचे उतरवून फकिराला देऊन टाकले. युवराजाने ते कपडे फकिराकडून परत घेतले आणि बदल्यात दहा गुलाम दिले. लोकांनी वाहवा केल्याचे कळले, तेव्हा सुलतानाने आणखी दहा गुलाम आणि दोन ओझी हस्तिदंत दिले.

दहा गुलाम! इथे आपण थबकले पाहिजे. त्या दानशूराच्या दानात जिवंत माणसे होती, आणि ती आली होती आतल्या मुलखावर घातलेल्या घाल्यांतून. समुद्राकडून येणाऱ्यासाठी या शहराच्या हातात ताट होते आणि डोंगराकडच्या माणसासाठी दोर होता. इब्न बतूताला यात काही वावगे वाटले नाही. त्याच्या काळात फारच थोड्यांना वाटत होते. आपल्याला वाटते, आणि तसे वाटलेच पाहिजे. पण ही गोष्ट लपवून किल्व्याचे गोडवे गाणे, किंवा एवढीच गोष्ट सांगून बाकीचे सगळे पुसून टाकणे, दोन्ही खोटेच.

हसनच्या मागून त्याचा भाऊ दाऊद गादीवर आला. तो अगदी उलटा. याचक दाराशी आला की त्याला उत्तर मिळे, की देणारा मेला, आणि जाताना मागे काही ठेवून गेला नाही. पाहुण्याला महिनोन्महिने तिष्ठत ठेवायचे आणि मग चिमूटभर हातावर टेकवायचे, असे सुरू झाल्यावर पाहुण्यांनी त्याच्या दाराशी जाणेच सोडून दिले. दोन वाक्यांत एका राज्याचा उतार इब्न बतूताने सांगून टाकला आहे.

हा सगळा किनारा अरबांनी किंवा इराण्यांनी येऊन वसवला आणि स्थानिक आफ्रिकी माणसे नुसती बघत राहिली, असे पूर्वीच्या पुस्तकांतून शिकवत. खणून पाहिल्यावर ते टिकले नाही. मासेमारी आणि शेती करणाऱ्या आफ्रिकी वस्त्यांतूनच ही शहरे वाढत गेली. २०२३ साली इथल्या मध्ययुगीन थडग्यांतल्या हाडांची जनुकीय तपासणी प्रसिद्ध झाली. तीत असे दिसले, की या लोकांच्या आया प्रामुख्याने आफ्रिकी होत्या, आणि बापांच्या बाजूने इराणकडचे रक्त हजार वर्षांपूर्वीच मिसळू लागले होते. थोडा अंश हिंदुस्थानाकडचाही सापडला. याचा सरळ अर्थ असा, की ताट घेऊन गेलेल्या घरांनी पुष्कळ पाहुण्यांना जावई करून ठेवून घेतले.

आता आणखी एक आगमन सांगतो. १४९८ साली वास्को द गामा याच किनाऱ्याने वर आला. मालिंदीच्या बंदरात त्याला हिंदुस्थानची चार गलबते उभी दिसली, आणि तिथूनच वाटाड्या घेऊन तो कालिकतला पोचला. आमच्या क्रमिक पुस्तकांत पूर्व आफ्रिका बहुधा इथून सुरू होते, जणू त्याआधी तो किनारा अंधारात निजला होता. १५०२ साली तोच गामा किल्व्यापुढे तोफा रोखून उभा राहिला आणि सुलतानाकडून खंडणी कबूल करून घेतली. जुलै १५०५ मध्ये फ्रान्सिस्कु द अल्मैदा आला, हिंदुस्थानातला पोर्तुगालचा पहिला व्हाइसरॉय. त्याचे शिपाई किल्व्यात उतरले. सुलतान पळाला. घरेदारे फोडून शहर लुटले गेले आणि किनाऱ्यावर किल्ला बांधायला सुरुवात झाली. पुढच्याच महिन्यात त्यांनी मोंबासा लुटले आणि जाळले. किल्व्याचा तो किल्ला पोर्तुगिजांनी १५१२ साली सोडून दिला. पण सोन्याच्या व्यापाराची जुनी वाट एकदा मोडली, ती पहिल्यासारखी पुन्हा झाली नाही. गोव्यात पुढे जे घडले त्याची ही रंगीत तालीमच म्हणायची.

या पाहुण्यांना कुणाकडे आलात असे विचारण्याची सोय नव्हती. ते आले होते मालक व्हायला.

किल्व्याचे अवशेष १९८१ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. तिथल्या टाकसाळीतली तांब्याची पाच नाणी १९४४ साली थेट ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या एका बेटावर सापडली. कुणाच्या कनवटीला बांधून ती एवढ्या लांब गेली असतील, याचा मुलांना विचार करू द्या. आणि नकाशा भिंतीवर लावाल तेव्हा मुलांना स्वाहिली भाषेतले दोनचार शब्दही सांगा. या किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी आज ही भाषा बोलतात. तिच्यात गाडीला म्हणतात 'गारी'. लाखाला 'लाकी'. विम्याला 'बिमा'. चपातीला चपातीच. आंब्याला 'एंबे'. आणि मोंबासाच्या त्या गोड फळाला, आपल्या जांभळाला, म्हणतात 'झांबराऊ'. एवढेच नव्हे, तर जांभळा रंग तिथल्या पोरांना शाळेत शिकवतात, तोही 'झांबराऊ' म्हणूनच.